निळा सडा

१

आंबेडकर जयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करायला बेसिनचा नळ उघडला आणि नळातून निळं पाणी आलं.

मी नळ बंद केला. पुन्हा उघडला. केंद्र सरकारच्या नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर एक सवय लागते. पहिल्यांदा आलेलं काहीच खरं मानायचं नाही. फेरविचारासाठी परत पाठवायचं. पाणी फेरविचारानंतरही निळंच आलं. फिकट, पण आपल्या मतावर ठाम असं निळं.

"बाबा, पानी नीला आ रहा है! मतलब, पाणी निळं येतंय!" आमची कन्या मोरीतून ओरडली. ती जयपुरात वाढलेली असल्यामुळे तिचं मराठी नेहमी दुसऱ्या वाक्यात येतं.

मी बैठकीत येऊन भिंतीला हात टेकला आणि लगेच काढला. चुना परवाच दिलेला. आणि रंग काय आला होता, तर म्हाताऱ्याच्या दातांसारखा पिवळट. रंगारी म्हणाला, "बाबूजी, घर से जो सामान मिला, वही लगाया." तो वाद अजून मिटायचा होता आणि आता हा नवा रंग.

विभा, म्हणजे आमची सौभाग्यवती, स्वयंपाकघरात शांतपणे चहा टाकत होती. पाणी आदल्या संध्याकाळी भरून ठेवलेल्या हंड्यातलं. संध्याकाळी ती भीमाबाईंकडे आंबेडाळ द्यायला गेली होती, पण जाण्याआधी ड्रममधलं उरलेलं पाणी हंड्यात भरून गेली. बाई दूरदृष्टीची.

"सगळी कॉलनी बोंब मारतेय आणि तू चहा करतेस?"

"बोंब मारून पाणी पांढरं होणार आहे का? बाहेर जा. तुम्ही चिटणीस आहात ना?"

मी चिटणीस होतो. सह्याद्री सहकारी गृहनिर्माण संस्थेचा. विमा, बँक, रेल्वे आणि केंद्र सरकार यांनी महाराष्ट्रातून उचलून जयपुरात आणून टाकलेल्या मराठी माणसांनी झालान्याच्या टेकडीच्या पायथ्याशी, वाळूत, एक जमीन घेतली आणि तिच्यावर बारा घरं बांधली. शहराची पाइपलाइन आमच्यापर्यंत यायचा प्रस्ताव विचाराधीन होता. तोपर्यंत एक सामाईक बोअर, एक सामाईक पंप आणि खांबांवर उभी एक सामाईक टाकी. दोन वर्षं पाऊस नाही. सत्याऐंशीचा एप्रिल. बोअर खोल खोल चालली होती आणि टाकी संध्याकाळभर पंप चालवूनही अर्ध्याच्या वर भरत नव्हती. त्यामुळे सकाळी अर्धा तास पाणी, तेही अंधारात.

बाहेर आलो आणि थबकलो.

आमची कॉलनी ओळखली जाते ती सड्यावरून. पहाटे उठून बायका ओट्यावर सडा घालतात आणि रांगोळी काढतात. शेजारचे मारवाडी म्हणतात, ये मराठे तो धूल को भी नहलाते हैं. दुष्काळात सडा बंद करावा असा ठराव एकदा आला होता. बायकांनी तो एका तांब्यावर आणून सोडला. आज सगळ्यांनी तो तांब्या अंधारात ओतला होता. आता उजाडलं होतं, आणि जिकडे पाहावं तिकडे पायऱ्यांवर, ओट्यांवर निळे ओघळ वाळत होते. आमच्या ओट्यावर सगळ्यांत गडद.

समोरून शामराव तरातरा आले. हे बँकेत अधिकारी आणि कॉलनीत विरोधी पक्ष. अध्यक्षपदाची निवडणूक एकदा हरल्यापासून ते प्रत्येक घटनेकडे पुरावा म्हणून पाहत.

"सदाशिवराव, पंपाची चावी या आठवड्यात कोणाकडे आहे?"

"बळवंतकडे."

"आणि काल काय होतं?"

मी ओट्यावरच्या ओघळाकडे पाहिलं.

"आणि रंग कुठला आहे?" शामराव म्हणाले. "बघा. मी कोणाचं नावसुद्धा घेतलेलं नाही."

२

कॉलनीत सगळे राव होते. वसंतराव, शामराव, मी सदाशिवराव. बळवंत फक्त बळवंत होता. तसं कोणी ठरवलं नव्हतं. तो रेल्वेत गार्ड होता, मूळ भुसावळचा, आमच्यातलं एकमेव बौद्ध कुटुंब. आई भीमाबाई आणि तो. बायको मुलांना घेऊन माहेरी गेली होती. आम्ही जातपात मानत नव्हतो. संस्थेच्या नियमावलीतच तसं लिहिलं होतं.

टाकीखाली सगळे जमले. पंपाची चावी आठवड्याच्या पाळीने एकेका घरी फिरे; रविवारी सकाळी ती पुढच्या घरी पोचवायची. ज्याच्याकडे चावी त्याने संध्याकाळी पंप चालवून टाकी भरायची. टाकीवर चढायच्या शिडीचा पिंजराही त्याच चावीने उघडे. ही योजना वसंतरावांची. शहरात पाण्यासाठी डोकी फुटत असताना आमच्याकडे भांडण नाही, हे पाहायला एकदा दुसऱ्या कॉलनीची मंडळी आली होती आणि वसंतरावांच्या बागेत चहा पिऊन गेली होती.

वसंतराव आमचे अध्यक्ष. विम्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त. टाकीवरची 'थेंब थेंब सर्वांचा' ही पाटी त्यांच्या हस्ताक्षरात. दुष्काळातही त्यांचे गुलाब फुललेले असत, कारण ते भांडी विसळलेलं पाणी झाडांना घालत. सगळ्या कॉलनीला ते हे उदाहरण देत. आमच्याकडेही भांडी विसळली जात, पण गुलाब येत नसत. आम्ही समजत असू की आमचं विसळणं चुकतंय.

"मला धक्का बसलाय," वसंतराव म्हणाले. "पाण्यात! माणूस पाण्यात काही कालवू शकतो?"

"बळवंत," शामराव म्हणाले, "चावी तुझ्याकडेच होती ना?"

"होती."

"काल संध्याकाळी टाकी कोणी भरली?"

बळवंत रात्रपाळीच्या कपड्यांत होता. आदल्या दिवशी तो मिरवणुकीला गेला होता आणि तिथून परस्पर ड्यूटीवर. त्याने एकवार आपल्या घराकडे पाहिलं.

"चावी माझ्या घरात होती. पुढचं मी सांगणार नाही."

बारा घरांतून एकदम श्वास घेतल्याचा आवाज आला.

"सांगणार नाही म्हणजे?"

"म्हणजे सांगणार नाही."

ठराव तिथेच तयार झाला. शामरावांनी सांगितला, वसंतरावांनी 'अतिशय दुःखाने' असे दोन शब्द घातले, मी लिहून घेतला. सामाईक पाणी दूषित केल्याबद्दल बळवंत यांचं पाण्याचं कनेक्शन तोडावं आणि सभासदत्व रद्द करावं. मंजुरी संध्याकाळी सहाला, अध्यक्षांच्या बागेत. शामराव आणि वसंतराव यांचं एकमत झालेला संस्थेच्या इतिहासातला हा पहिला ठराव.

एप्रिलच्या जयपुरात पाणी तोडायचं म्हणजे घर रिकामं करायला सांगायचं. हे कोणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळत होतं.

"संध्याकाळपर्यंत मी चौकशी करू काय?" मागून कोणीतरी म्हणालं.

ते जनार्दनराव होते. एका विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करत. जळालेल्या गोदामाची राख पाहून गोदाम आपणहून जळलं की जाळलं हे सांगायचं, हा त्यांचा धंदा. माणूस नागपूरचा, त्यामुळे घाई नाही.

"चौकशी कसली?" शामराव म्हणाले. "उत्तर समोर आहे."

"म्हणूनच तं," जनार्दनराव म्हणाले. "उत्तर इतकं समोर असलं का मी मागं पाहून येतो."

त्यांनी खिशातून रुमाल काढला, टाकीखालच्या नळाला धरला आणि पिळला. मग एका काचेच्या ग्लासात ते निळं पाणी घेऊन माझ्या हातात दिलं.

"सदाभाऊ, हा धरा. हलवू नका. आता सांगा, वसंतरावांच्या ओट्यावर कोणी गेलं व्हतं का सकाळपासून?"

३

वसंतरावांच्या ओट्यावर मधुमतीवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, उभ्याच होत्या. शेजारी निळ्या पाण्याने भरलेली बादली. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या ती दाखवत होत्या.

"बघा हो भावजी! अहो, चैत्रगौरीचं हळदीकुंकू माझ्याकडे परवावर आलंय, आणि हे असं पाणी! पन्हं काय निळं देऊ?"

"फारच वाईट झालं, वहिनी," जनार्दनराव म्हणाले. "पण चैत्रांगण काय सुरेख काढलं!"

खरंच सुरेख होतं. ओटा धुतल्यासारखा स्वच्छ, आणि त्याच्यावर शंख, चक्र, गोपद्म, कमळ, सगळं पांढरंशुभ्र उठून दिसत होतं. वहिनी खुलल्या.

"आईकडून शिकलेय. आमच्या माहेरी सड्याशिवाय रांगोळीला हात लावायचा नाही. तोसुद्धा ताज्या पाण्याचा. रात्रीचं शिळं पाणी सड्याला चालत नाही. हल्लीच्या बायका साठवलेल्या ड्रममधलं ओततात, मी नाही हो. पहाटे पाणी आलं की पहिला तांब्या दारात."

"आजही?"

"रोज. आजारी असले तरी."

"वा," म्हणून जनार्दनराव पायऱ्या उतरले. मी ग्लास सांभाळत मागे.

पुढचं घर शामरावांचं. शामरावांची बायको अलकावहिनी जवळच्या बगरू गावच्या ठसेछपाईचे कपडे घरून विकत. दार उघडलं आणि मी ग्लास जवळजवळ सोडलाच. वहिनींचे दोन्ही हात मनगटापर्यंत निळे होते.

"अहो, घाबरताय काय? बगरूचा माल आहे. रंग सुटतो की नाही ते मी धुऊन बघते, मग विकते," त्या म्हणाल्या. मग आमच्या चेहऱ्यांकडे पाहून त्यांचाही चेहरा उतरला. "अगं बाई. तुम्ही मला..."

"अलका, तू आत जा," शामराव आतून धावत आले. "एक शब्द बोलू नको."

"शामराव," जनार्दनराव म्हणाले, "सकाळी बळवंतराव बोलले नाहीत तं तुम्ही तो कबुलीजबाब धरला. आता वहिनींना तुम्हीच बोलू देऊन नाही राहिले."

शामरावांना असा धक्का मी पूर्वी बसलेला पाहिला नव्हता. निळे हात आपल्याही घरात असू शकतात ही कल्पना त्यांना नवी होती. शिवाय बळवंतला कोणी बळवंतराव म्हणालं, हाही एक धक्का असावा. मलाही कानाला काहीतरी लागलं.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "म्हणजे अलकावहिनी?"

"तुम्ही ग्लास पाहा."

मी पाहिला. वरचं पाणी जवळजवळ स्वच्छ झालं होतं. तळाशी निळी भुकटी बसली होती.

"बगरूचा रंग सुटला तं पाण्यात मिसळून राहतो. असा खाली नाही बसत. ही भुकटी हाये."

"भुकटी," मी म्हणालो. आदल्या दिवशी मिरवणुकीत काय उधळलं होतं ते सगळ्या शहराने पाहिलं होतं.

४

आम्ही बळवंतच्या घरी निघालो. ग्लास हातात होता आणि तो आता त्याच्याविरुद्ध साक्ष देत होता.

दार भीमाबाईंनी उघडलं. साठीच्या पुढच्या, गुडघे धरलेले, नऊवारी नेसलेल्या. त्यांचा ओटाही निळा होता.

"या भाऊ. बसा. पाणी आणते." मग त्या थोडं हसल्या. "कालचं भरलेलं हाये. पांढरं."

जनार्दनरावांनी तांब्या घेतला आणि अर्धा संपवला. मला तहान नव्हती.

बळवंत आतून आला. त्याचा कालचा सदरा खुंटीवर होता, खांद्यांवर निळा गुलाल पसरलेला. जनार्दनरावांनी तो हातात घेतला, खिडकीशी नेला, एका बोटाने चोळला. बोट जांभळट निळं झालं. त्यांनी बोट सदऱ्याच्या आतल्या बाजूला घामाने ओलसर जागी घासलं. डाग तिथेच बसला.

"हा निघत नाही वाटतं?"

"दोन-तीन धुण्यांत जातो," बळवंत म्हणाला. "नाही गेला तरी हरकत नाही. साहेब, तुम्ही काय शोधताय ते कळलं मला. माझ्या घरात निळा रंग आहे. दरवर्षी असतो. टाकीत मी टाकला नाही."

"मग कोणी?"

"ते मी सांगणार नाही."

"बळवंत," मी म्हणालो, "अरे, संध्याकाळी तुझं पाणी तोडणार आहेत!"

"तोडा."

"अरे बाबा," भीमाबाई एकदम म्हणाल्या.

"आई, तू गप बैस."

आणि त्या गप बसल्या. माय-लेकांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मला लख्ख दिसलं, की हा माणूस कोणालातरी पाठीशी घालतोय, आणि त्या घरात पाठीशी घालण्यासारखं माणूस एकच होतं.

बाहेर पडल्यावर मी म्हणालो, "जनार्दनराव, म्हातारीने? गुडघे धरून ती शिडी चढली?"

"नाही चढली. तिनं पंप चालवला, चावी तिच्यापाशी होती, शिडी दुसऱ्यानं चढली." त्यांनी खिशातून सकाळचा रुमाल काढला. तो आता वाळला होता. "सदाभाऊ, हा पाहा. ह्या रुमालाला माझी बायको हात नाही लावत इतका कळकट व्हता."

रुमाल पांढरा होता. नुसता पांढरा नव्हे, चमकत होता.

"गुलाल असता तं रुमाल निळा झाला असता, बळवंतरावांच्या सदऱ्यासारखा. हा उजळ कशानं झाला?"

"नीळ," माझ्या तोंडून निघालं. "कपड्यांना देतात ती नीळ!"

"डबाभर. आता सांगा, एवढी नीळ घरात कोण आणून ठेवतं? आणि काऊन?"

जनार्दनराव बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले, जसं जळक्या गोदामाच्या मालकाकडे पाहत असावेत. मग म्हणाले, "चला, तुमच्या घरी चहा घेऊ."

आम्ही बैठकीत चहा घेतला. विभाने कप ठेवले आणि ती दारातच उभी राहिली. जनार्दनराव माझ्या नव्या चुन्याच्या भिंतीकडे बघत होते. सगळा चहा संपेपर्यंत बघत होते.

"वहिनी," उठताना ते म्हणाले, "संध्याकाळी सभेला या. बायकांना बोलावत नाहीत, ठाऊक हाये. तरी या. सहाच्या आत काही बोलू नका."

५

सहाला अध्यक्षांच्या बागेत खुर्च्या मांडल्या होत्या. गुलाब दरवळत होते. बायका कुंपणापाशी उभ्या होत्या, त्यांत विभा होती आणि तिच्या शेजारी भीमाबाई.

वसंतरावांनी ठराव वाचायला घेतला. 'अतिशय दुःखाने' पर्यंत आले, तेव्हा जनार्दनराव उठले.

"एक शंका हाये. पाणी नासवायचं असलं तं माणूस काय टाकतो? रॉकेल टाकील. मेलेला उंदीर टाकील. नीळ कोण टाकतो? नीळ बारा घरांत अंगाला लागली, कोणाला खाज सुटली? कोणाचं पोट बिघडलं? धुणं उलट उजळलं."

त्यांनी रुमाल फडकवला. मागे कोणीतरी बाईने "हो की" म्हटलं.

"म्हणजे टाकणाऱ्याला पाणी नासवायचं नव्हतं. टाकणाऱ्याला पाहायचं व्हतं. टाकीतलं पाणी कुठं कुठं जाते ते. आणि मुख्य म्हणजे, कुठं नाही जात ते. पहाटे अंधारात आपल्या बायका दारात पाणी ओततात. उजाडल्यावर ओटाच सांगते, कोणत्या घरात टाकीचं पाणी येऊन राहिलं. हे मारवाडी कॉलनीत जमलं नसतं. दिवसभर आपण एकच प्रश्न विचारला, निळा रंग कोणाचा. कोणी हे विचारलं का, निळा कोणाकडे नाही आला?"

मग अकरा घरांतली माणसं आपापला ओटा आठवू लागली. आणि मग, एकेक करत, सगळ्या माना बागेतून ओट्याकडे वळल्या. चैत्रांगण तिथेच होतं. शंख, चक्र, कमळ. खालचा दगड स्वच्छ.

मला वाटलं होतं की एखाद्या गोष्टीचा धक्का एकदाच बसतो. तसं नसतं. तो जिन्यावरून उतरावा तसा पायरी पायरीने खाली येतो.

"मूर्खपणा आहे हा!" वसंतराव म्हणाले. "आमच्याकडेही निळं पाणी आलंय. बादली सगळ्यांनी पाहिलीये. सडा आम्ही साठवलेल्या पाण्याचा घालतो."

"अहो, काहीतरीच काय!" मधुमतीवहिनी कुंपणापासून म्हणाल्या. "शिळ्या पाण्याचा सडा मी उभ्या जन्मात घातला नाही! मागच्या नळाचं ताजं..."

त्या थांबल्या. पण वाक्य पुढे निघून गेलं होतं.

"मागचा नळ," जनार्दनराव म्हणाले. "बळवंतराव, चावी हाये ना? टाकीवर पाणी चढते तिथला वॉल्व्ह पूर्ण बंद करा. आणि पंप चालू करा."

बळवंत शिडी चढला, उतरला, पंपघरात गेला. वसंतराव म्हणाले, "अरे, पंप जळेल!" त्या वेळी त्यांना सामाईक मालमत्तेची काळजी वाटली, हे मी सभावृत्तांतात नोंदवलेलं आहे.

"बरोबर," जनार्दनराव म्हणाले. "टाकीचं तोंड बंद. पाण्याला जायला जागा नाही. पंप गुदमरायला पाहिजे."

पंप सुरू झाला. गुदमरला नाही. रोजच्यासारखा, समाधानी माणसासारखा गुणगुणत राहिला. आम्ही ऐकत होतो. आणि मग आमच्या पायांखाली, गुलाबांच्या वाफ्याखाली, पाणी पडल्याचा आवाज येऊ लागला.

दोन वर्षं आम्ही तो आवाज ऐकला नव्हता. भरून वाहणारं पाणी पडतं तसा, गच्च, सढळ.

शामराव गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी कान जमिनीला लावला. कोणीतरी कुंड्या बाजूला केल्या. खाली सिमेंटचं झाकण होतं. ते उचललं. खाली हौद होता आणि पंपापासून टाकीकडे जाणाऱ्या पाइपाला मध्येच जोडलेल्या नळीतून त्यात पाणी कोसळत होतं. आमची अर्धी टाकी तिथे होती. बोअर आटत होती ती अशी.

अलकावहिनी खुर्चीचा हात धरून खाली बसल्या. त्या दोन उन्हाळे पोरांना एका बादलीत आंघोळ घालत होत्या.

"ही तात्पुरती व्यवस्था होती," वसंतराव म्हणाले.

पंप गुणगुणत होता. मग बळवंतने तो बंद केला.

"पण मग," शामराव उठत म्हणाले, त्यांच्या गालाला माती होती, "नीळ टाकली कोणी?"

जनार्दनरावांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते उगाच आभाळाकडे पाहत म्हणाले, "नीळ दोन कामांना लागते. एक कपड्यांना. दुसरं चुन्यात. चुन्यात नीळ नाही घातली, तं भिंत पिवळी पडते."

मी कुंपणाकडे पाहिलं. विभाने पदर खोचला आणि पुढे आली.

"मी टाकली," ती म्हणाली. "तीन वेळा यांना म्हणाले, टाकी का भरत नाही ते बघा. हे म्हणाले, पुरावा काय? मी पुरावा आणला. डबा मी नेला आणि शिडी मी चढले. चावी भीमाबाईंनी दिली, आणि म्हणून बळवंतराव बोलत नव्हते. सकाळीच सांगणार होते मी. मला वाटलं, उजाडलं की सगळ्यांना ओटे दिसतील. कोणी ओट्यांकडे पाहिलंच नाही. मग मी यांना चहा देईपर्यंत तुमचा ठराव झालासुद्धा."

वसंतरावांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला आणि तो स्वीकारला गेला. शामराव म्हणाले, आता तो सकाळचा ठराव स्थगित ठेवावा.

"स्थगित नको," बळवंत म्हणाला. "खोडा."

मी खोडला. पेन दोनदा अडलं.

६

रविवारी चावीची पाळी आमच्याकडे आली. एरवी चावी घेऊन बळवंत येई. दारातून देऊन जाई. आज भीमाबाई आल्या, एकेक पायरी थांबत. मी त्यांना आत बोलावलं आणि खुर्ची पुढे केली. काय बोलायचं ते मी रात्रभर जुळवलं होतं. संस्थेच्या वतीने, वगैरे.

त्यांनी माझं निम्मं ऐकलं आणि भिंतीकडे पाहिलं.

"हीच का ती?"

"हीच," विभा म्हणाली.

"पिवळी धमक झाली वं!" त्या हसल्या. विभाही हसली.

"यांना सांगा ना भीमाबाई," ती म्हणाली. "त्या संध्याकाळी तुम्ही काय म्हणालात मला."

"जाऊ द्या ना ताई."

"सांगा."

भीमाबाईंनी चावी पदराच्या गाठीतून सोडवली.

"काही नाई भाऊ. ताई डबा घेऊन आल्या. मी म्हटलं, हळद घ्या. नाईतर कुंकू घ्या. नीळ नका घेऊ. निळं पाणी आलं का सगळे आमच्या दारात येतील."

"आणि मी काय म्हणाले," विभा माझ्याकडे न पाहता म्हणाली. "मी म्हणाले, तुमच्याकडे कशाला येतील? काहीतरीच तुमचं. आणि मी हसले."

"ताईला खरंच वाटलं नव्हतं," भीमाबाई मला समजावत म्हणाल्या, जणू विभाची बाजू त्यांनाच घ्यायची होती.

"मग तुम्ही चावी का दिलीत?" मी विचारलं.

"आता पाणी तं बघायलाच पायजे होतं ना. सगळ्यांचं हाये."

मला तहान लागली होती. घर माझं होतं, तरी मला तांब्या कुठे असतो ते आठवेना.

भीमाबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. चावी त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली.

"सांभाळा भाऊ. आता आठवडाभर टाकीला काही झालं, तं तुमच्यावर येईल."

दारापर्यंत गेल्या. उंबऱ्यापाशी थांबून त्यांनी मागे वळून पाहिलं. रागाने नव्हे, विसरलेलं काहीतरी आठवावं तसं.

"तुमच्यावर नाई येणार म्हणा," त्या म्हणाल्या, आणि एकेक पायरी उतरत गेल्या.